काचेच्या कपाटातला कापूस

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात, कारंजा-मानोरा रस्त्यावर इंझोरी आहे. आज पावसाळ्यात या भागात नजर पोचेल तिथवर सोयाबीन दिसतं, अधूनमधून तुरीच्या ओळी. पण इथल्या काळ्या जमिनीची जगाशी ओळख झाली ती कापसामुळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू व्हायची, मग भरलेल्या बंड्या कारंज्याच्या जिनांकडे निघायच्या. तिथे सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. त्या गाठी मूर्तिजापूरला पोचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे टाकली गेली. पुढे लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हणून जीव लावला. तिच्यात माणसंही बसत, पण ती टाकली होती कापसासाठी. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची रुंद रुळांची लाइन भेटते, आणि त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचं बंदर.

या प्रकरणाचा विषय चीन आणि जपानच्या कलावस्तू हा आहे. तरी सुरुवात सरकीपासून केली, कारण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी कलेचं जे दालन आहे, त्याची अर्धी गोष्ट या काळ्या जमिनीतली आहे. गावाकडून मुंबई पाहायला आलेली कुटुंबं तळमजल्यावरच्या मूर्तींपाशी रेंगाळतात, लघुचित्रं पाहतात, शस्त्रांच्या दालनात मुलांना तलवारी दाखवतात. चिनी-जपानी दालनात येईपर्यंत पाय थकलेले असतात आणि ‘हे काही आपलं नाही’ असं म्हणून मंडळी पुढे सरकतात. मला हे फार खटकतं. ही कपाटं भरली त्या व्यापाराचं एक टोक कँटन आणि कोबेला होतं, आणि दुसरं खामगाव, कारंजा, अमरावतीच्या बाजारात. तो व्यापार डोळ्यांपुढे ठेवून दालनात शिरलं, तर वस्तू वेगळ्या दिसू लागतात.

आधी चीन. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या बंदरातून निघणाऱ्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक चीन हाच होता. तो कापूस प्रामुख्याने गुजरातचा असे. वऱ्हाडचा कापूस तेव्हा उलट्या दिशेला जायचा. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तो शेकडो मैल दूर मिर्झापूरला नेत आणि तिथून तो गंगेच्या वाटेने पुढे जाई. वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस धाडण्याची वाट १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी उघडली. पुढे त्यांनी खामगावला कापूस दाबण्याचे स्क्रू बसवले. दाबलेली गाठ कमी जागा घेते, म्हणून त्याच गलबतात जास्त माल मावतो. एवढ्या साध्या सोयीने वऱ्हाडाचं तोंड पश्चिमेकडे वळलं. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, आणि मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव आभाळाला नेले. बाजारात वऱ्हाडी कापसाला अमरावतीच्या जुन्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणू लागले.

चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईकरांत सर्वांत ठळक नाव जमशेटजी जीजीभॉय यांचं. जन्म १७८३, मृत्यू १८५९. त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ च्या सफरीत त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं, आणि त्या कैदेत त्यांची विल्यम जार्डिन या इंग्रजी जहाजावरच्या डॉक्टरशी ओळख झाली. पुढे या दोघांचा व्यापार पूर्वेकडच्या सर्वांत मोठ्या व्यापारांपैकी एक झाला. त्यात कापूस होता आणि माळव्याची अफू होती. मुंबईची रुग्णालयं, धर्मशाळा आणि कलाशाळा ज्या पैशातून उभ्या राहिल्या, त्या पैशात अफूचा वाटा मोठा होता. हे स्पष्टपणे सांगायला हवं. त्या अफूने चीनमधली लाखो घरं पोखरली आणि तिच्यापायी चीनवर १८३९ ते १८४२ चं युद्ध लादलं गेलं. या युद्धाआधी परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकाच बंदरात, कँटनमध्ये व्यापार करता येई, आणि तोही शहराच्या तटाबाहेर नदीकाठच्या वखारींत. त्या वखारींलगतच्या गल्ल्यांत कारागिरांची दुकानं होती. परदेशी गिऱ्हाइकाला काय आवडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकात एक फिरणारे हस्तिदंती गोळे, रंगवलेली चिनी भांडी, लाखकामाच्या पेट्या, काचेच्या मागच्या बाजूने उलटी रंगवलेली चित्रं, आणि रेशमावर पक्षी-फुलांचं दाट भरतकाम. हेच भरतकाम पारशी घरांत गारा साडी होऊन उतरलं आणि आजही लग्नात नेसलं जातं. मुंबईच्या श्रीमंत घरांत चिनी वस्तूंची आवड या गल्ल्यांतून आली.

जमशेटजी टाटा १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले तेही या व्यापारात शिकायला. त्यांचे दोन मुलगे, दोराबजी (१८५९-१९३२) आणि रतनजी (१८७१-१९१८), हे आपल्या दालनाचे खरे कर्ते.

संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. त्यांचंच नाव संग्रहालयाला मिळालं आणि १९९८ पर्यंत टिकलं. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धाने तिचं लष्करी रुग्णालय केलं, आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. सर रतन टाटा तोवर हयात नव्हते. पण त्यांचा संग्रह १९२१ मध्येच संग्रहालयाकडे आला होता. सर दोराबजींचा संग्रह १९३३ मध्ये आला. मोठा भाऊ लोखंड, वीज आणि विज्ञान संस्थेत बुडालेला. धाकटा वेगळ्याच घडणीचा. १९०६ नंतर त्याचा पुष्कळ काळ इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या यॉर्क हाउस या वाड्यात गेला. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसे देणारा तोच, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला हात देणाराही तोच. त्याच्या वस्तूंची निवड पाहताना मला हा माणूस समजतो. त्याला हातात मावणाऱ्या, बारीक कामाच्या, पुनःपुन्हा फिरवून पाहाव्यात अशा गोष्टींची ओढ होती.

आता कपाटांकडे वळू, आणि सर्वांत ओळखीच्या पदार्थापासून सुरू करू. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या घरात लोणच्याची बरणी असते, खाली पांढरट, वर तपकिरी. ती बरणी आणि कपाटातली नाजूक निळी-पांढरी बशी एकाच घराण्यातल्या. दोन्ही भाजून इतक्या घट्ट होतात की मीठ-तेल आत झिरपत नाही. फरक मातीत आणि आचेत आहे. पोर्सेलीनसाठी दोन पदार्थ लागतात. एक केओलिन, म्हणजे शुभ्र, लोहविरहित माती. दुसरा दगड कुटून केलेली पूड, जी उष्णतेने वितळते आणि मातीचे कण काचेसारखे जोडते. सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजल्यावर भांडं पांढरं, टणक आणि पातळ जागी प्रकाश आरपार जाऊ देणारं होतं. टिचकी मारली तर घंटेचा नाद येतो. चीनमधल्या जिंगदेझन या गावाने शतकानुशतकं हेच काम केलं. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीतल्या माइसनचा कारखाना १७१० चा.

निळा रंग कोबाल्टचा. तो कच्च्या भांड्यावर आधी रंगवतात, वरून झिलई चढवतात आणि मग एकदाच भाजतात, म्हणून तो झिलईच्या खाली कायमचा बंद होतो. इतर बहुतेक रंगांना ती आच सोसत नाही. लाल, पिवळा, गुलाबी हे भाजलेल्या झिलईवर रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजावे लागतात. कपाटापाशी वाकून तिरक्या नजरेने पाहिलं, की निळा रंग सपाट दिसतो आणि गुलाबी फूल किंचित वर उठलेलं जाणवतं. त्या गुलाबीत सोनं असतं, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. तो रंग चीनमध्ये साधारण १७२० च्या दशकापासून दिसू लागतो, त्यामुळे ज्या भांड्यावर तो आहे ते त्याआधीचं नाही, एवढं पाहणाऱ्याला स्वतःच ठरवता येतं.

चिनी दालनांत हमखास भेटणारी आणखी एक आकृती म्हणजे शुभ्र पोर्सेलीनमधली गुआनयिन, करुणेची देवता. अशा पांढऱ्या मूर्तींसाठी फुजियान प्रांतातलं देहुआ प्रसिद्ध. ही देवता इथून गेलेली आहे. ती मुळात बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, चोर, बेड्या, सिंह, साप, हत्ती वगैरे, आणि त्यांतच एक फुटणारं जहाज. संकटात सापडलेले व्यापारी आणि खलाशी त्याचा धावा करताना दिसतात. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याची अकरा तोंडांची मूर्ती आहे. भारतात अशी मूर्ती दुर्मीळ, पण चीन, तिबेट आणि जपानमध्ये हे रूप घरोघर पोचलं. चीनमध्ये हळूहळू तो पुरुष बोधिसत्त्व स्त्री झाला आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर खलाशांची रक्षणकर्ती म्हणून पुजला जाऊ लागला. पश्चिम किनाऱ्यावरचा बुडत्यांचा त्राता चीनच्या किनाऱ्यावर त्याच कामाला लागला होता, आणि हजारेक वर्षांनी पोर्सेलीनच्या रूपात जहाजात बसून मुंबईला परतला. माझ्या लेखी या दालनातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, पण पाटीवर ती क्वचितच सांगितलेली असते.

छोट्या बाटल्यांचं कपाट मुलांना फार आवडतं. अत्तराच्या वाटतात, पण त्या तपकिरीच्या. तंबाखू मूळची अमेरिकेतली. युरोपीय पाद्री आणि व्यापाऱ्यांकडून तपकीर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या दरबारात पोचली. आपल्याकडे तिच्यासाठी डबी आली. चीनमध्ये दमट हवेपासून तपकीर राखायची म्हणून घट्ट बुचाची बाटली आली, आणि बुचाला आतून इवलासा चमचा. ती बाहीत सहज मावायची. हळूहळू प्रतिष्ठा तपकिरीतून निघून बाटलीत गेली. काच, अकीक, अंबर, जेड, पोर्सेलीन, हस्तिदंत, कारागिराला जे सापडलं त्याची बाटली झाली. एकोणिसाव्या शतकात एक नवं अवघड कसब आलं. पारदर्शक बाटलीच्या आतल्या भिंतीवर चित्र. आतला पृष्ठभाग आधी घासून खरबरीत करायचा, मग वाकड्या टोकाची बांबूची लेखणी अरुंद तोंडातून आत घालून उलटं चित्र काढायचं. बाहेरून पाहणाऱ्याला जे सर्वांत वर दिसतं, ते चित्रकाराला सर्वांत आधी काढावं लागतं. पापण्या आधी, चेहऱ्याचा रंग नंतर. असं काम करणाऱ्याचे डोळे किती वर्षं टिकत असतील हा विचार त्या कपाटापाशी उभं राहिलं की मनातून जात नाही.

जेडपाशी मात्र बराच वेळ द्यायला हवा. आपल्याकडे याला यशब किंवा संगे यशब म्हणत. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. चीनचं जुनं जेड म्हणजे नेफ्राइट. चिनी तुर्कस्तानच्या वाळवंटाकाठी खोतान आहे, तिथल्या नदीत डोंगरातून वाहून आलेले पांढरे-हिरवट गोटे मिळत. दुसरं जेडाइट, ब्रह्मदेशातलं. त्याचा लखलखीत हिरवा रंग चीनमध्ये अठराव्या शतकात रूढ झाला. नेफ्राइट हिऱ्याइतकं कठीण नाही, पण फार चिवट असतं, कारण त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यातल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. छिन्नी-हातोड्याने ते कोरता येत नाही. ओली वाळू, गारनेट किंवा कुरुंदाची पूड फिरत्या चाकतीवर धरून घासत, घासत, घासत आकार काढायचा. एका वाडग्याला महिने, कधी वर्षं. म्हणून जेडच्या वस्तूवर हत्याराचा घाव दिसत नाही. कडा मऊ, आणि पृष्ठभागावर तेलाचा हात फिरवल्यासारखी चमक.

याच घासण्याच्या कामात हिंदुस्थानने चीनला काहीतरी दिलं. मुघल कारखान्यांत जेडचे प्याले इतके पातळ घासले जात की बोटांची सावली पलीकडून दिसावी. काठाला फुलाच्या पाकळ्यांची गोलाई, मुठीला कळी किंवा रानबकऱ्याचं तोंड. १७५९ मध्ये चीनचा सम्राट चियेनलुंग याने खोतानसह तो सारा मुलूख जिंकला, आणि मध्य आशियातून असे हिंदुस्थानी प्याले त्याच्या दरबारात येऊ लागले. सम्राट त्यांच्या इतका प्रेमात पडला की त्याने त्यांच्यावर कविता केल्या, त्यांतल्या काही खुद्द प्याल्यांवर कोरवून घेतल्या, आणि आपल्या कारागिरांना त्या धर्तीवर काम करायला लावलं. दगड खोतानचा, हात आग्र्या-दिल्लीचे, कौतुक पेकिंगचं. चिनी जेडच्या कपाटात पाकळ्यांची पातळ वाटी दिसली, तर ती घडण कुठून आली असेल हे आता वाचकाने ओळखावं.

जपानचा भाग वेगळ्या मनाने पाहावा लागतो. चीनच्या वस्तू अनेक शतकांच्या, जपानच्या पुष्कळशा एका घाईच्या काळातल्या. १८६८ मध्ये जपानमध्ये सत्तापालट झाला, मेइजी सम्राटाचं युग सुरू झालं आणि पाश्चात्त्यांच्या बरोबरीला येण्यासाठी देश धावू लागला. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली. तलवारीच्या मुठीपाशी बसणारी गोल धातूची चकती, तिला त्सुबा म्हणतात, तिच्यावर सोन्या-चांदीची नक्षी करणारे कारागीर एका हुकमाने बेकार झाले. त्यांचे हात फुलदाण्या आणि धूपदाण्यांकडे वळले. तसंच नेत्सुकेचं. किमोनोला खिसे नसतात, म्हणून औषधाची किंवा तंबाखूची पेटी दोरीने कमरपट्ट्याला अडकवत आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला सुपारीएवढी कोरीव गुंडी लावत. उंदीर, बेडूक, म्हातारा कोळी, भुंगा बसलेलं अक्रोड. कोट-पाटलोण आली तशी गुंडीची गरज संपली आणि युरोपीय संग्राहकांनी ती मुठीमुठीने विकत घेतली. नेत्सुकेला दोरी ओवायची दोन छिद्रं असतात. ती झिजलेली असली तर कुणीतरी ते खरोखर वापरलं होतं. कडा अगदी ताज्या असल्या तर बहुधा ते विक्रीसाठीच घडलं.

सात्सुमा भांडी याच काळाची. सायीच्या रंगाची, झिलईवर केसासारख्या बारीक तड्यांचं जाळं, आणि त्यावर सोनं ओतून रंगवलेल्या मिरवणुका, भिक्षू, मोर. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सात्सुमा प्रांताने आपलं वेगळं दालन मांडलं, १८७३ मध्ये व्हिएन्नात जपान सरकार स्वतः उतरलं आणि युरोपला वेड लागलं. मग क्योतो, ओसाका, योकोहामात सात्सुमाच्या नावाने ढीगभर माल निघू लागला. जाणकार या मालाला नावं ठेवतात, जपानी चवीचा नव्हेच म्हणतात. मला ते एकांगी वाटतं. एका देशाला परकीय चलन हवं होतं, यंत्रं विकत घ्यायची होती, आणि विकायला रेशीम, चहा आणि कारागिरांची बोटं एवढंच होतं. त्या सोन्याच्या ठिपक्यांत ती निकड दिसते. तांब्याच्या पातळ तारा उभ्या चिकटवून त्यांच्या मधल्या घरांत मिना भरायचं कामही त्याच बाजारासाठी इतकं बारीक झालं की शेवटी काही कारागिरांनी भाजण्याआधी ताराच काढून घेतल्या आणि रंग एकमेकांत धुक्यासारखे मिसळू दिले.

यंत्रं मिळाली. १८८३ मध्ये ओसाकाला सूतगिरणी सुरू झाली. तिच्यामागे शिबुसावा एइइची हा उद्योजक होता. लवकरच गिरण्यांची रांग लागली आणि कापूस कमी पडू लागला. जपानचा स्वतःचा महाग, चीनचा अपुरा. १८८९ मध्ये जपानी मंडळी हिंदुस्थानात पाहणीला आली. त्यांना सापडला आखूड धाग्याचा, स्वस्त कापूस, आपला ऊमरा त्यातलाच. लँकेशायरच्या गिरण्या त्याच्याकडे नाक मुरडत. जपानी गिरण्यांनी त्यात लांब धाग्याचा अमेरिकी कापूस नेमक्या प्रमाणात मिसळून चांगलं सूत काढायचं तंत्र बसवलं.

अडचण भाड्याची होती. मुंबई ते पूर्वेकडचा समुद्र पी अँड ओ ही इंग्रजी जहाज कंपनी आणि तिच्या सोबतच्या कंपन्या यांच्या मुठीत होता. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा स्वतः जपानला गेले, शिबुसावांना भेटले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी भागीदारी ठरली. (त्याच प्रवासात योकोहामाहून व्हँकूव्हरला जाणाऱ्या जहाजावर त्यांच्यासोबत स्वामी विवेकानंद होते, ते शिकागोला निघालेले.) ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. त्या कंपनीचा हा पहिला दूरचा परदेशी मार्ग. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की टनाला दोन रुपयेही पडेनात. टाटांची जहाजं या झुंजीत फार काळ टिकली नाहीत. जपानी कंपनी टिकली, कारण तिथल्या गिरणीवाल्यांनी आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणायचा असा शब्द दिला होता आणि तो पाळला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच जपान हिंदी कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झाला होता.

इंझोरी परिसरातल्या कास्तकाराला ओसाका ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला अडत्या ठाऊक होता, आणि या हंगामात भाव का चढला हे अडत्याही नीट सांगू शकत नसे. पण कारंज्याच्या जिनातून निघालेल्या रुईला मूर्तिजापूर, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, कोबे असा रस्ता आता उघडा होता. उलट दिशेने जपानी माल येत होता, आणि त्यातला निवडक, महागडा भाग टाटांसारख्यांच्या दिवाणखान्यात पोचत होता.

सारा संग्रह मात्र या सरळ वाटेने आला असं समजणं चुकीचं ठरेल. रतनजी युरोपात राहत आणि फिरत, आणि त्या काळी चिनी कलेचा सर्वांत मोठा बाजार लंडन-पॅरिसमध्ये होता. तो बाजार एवढा फुगला त्यामागे दोन काळ्या घटना आहेत. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा सम्राटाचा उन्हाळी महाल लुटून जाळला. १९०० मध्ये आठ देशांच्या फौजांनी पेकिंग पुन्हा लुटलं. दोन्ही मोहिमांत इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपाई होते. ठाकूर गदाधर सिंह या सातव्या राजपूत पलटणीतल्या शिपायाने १९०० च्या मोहिमेवर हिंदीत पुस्तक लिहिलं आणि चिनी लोकांचे हाल पाहून झालेली वेदना त्यात मांडली. यावरून मुंबईतल्या अमुक वस्तूवर बोट ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. पण जगातल्या कुठल्याही चिनी दालनात वस्तू कुणाकडून, केव्हा, कोणत्या बाजारातून आली हे विचारायचा प्रेक्षकाला हक्क आहे. पाटीवर दात्याच्या नावाइतकंच ते लिहिलेलं असावं.

वाशीमकरांना मुंबईखेरीज दुसरी वाट आहे, दक्षिणेची. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात चीन-जपानच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. तो तिसऱ्या सालारजंगाने, मीर युसुफ अली खानाने जमवला. तो १९४९ मध्ये वारला, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडलं. अतिपूर्वेकडची कला तिथे ज्या इमारतीत मांडली आहे तिला पहिल्या सालारजंगाचं, मीर तुराब अली खानाचं नाव आहे. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं त्याच १८५३ साली, करारानंतर काही दिवसांत, हा तरुण निजामाचा दिवाण झाला, आणि १८८३ मध्ये मरेपर्यंत वऱ्हाड परत मिळवण्यासाठी झगडत राहिला. ते मिळालं नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये निजामाला देऊन. इंझोरीचा सारा भरणाऱ्याचे चार पैसे त्या रकमेत होते. त्या संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहानचे म्हणून दाखवले जाणारे जेडच्या मुठीचे खंजीर आहेत. ते आधी पाहावेत आणि मग चिनी जेडकडे जावं. चियेनलुंगला काय आवडलं ते शब्दांवाचून कळतं.

परत मुंबईकडे, १९३३ मध्ये. त्या वर्षी सरकारने ब्रिटनबाहेरून येणाऱ्या सुती कापडावरचा कर ७५ टक्क्यांवर नेला. रोख जपानी कापडावर होता. उत्तरादाखल जपानच्या गिरण्यांनी हिंदी कापूस घ्यायचं थांबवलं. आधीच मंदीने खचलेल्या वऱ्हाडी बाजाराला हा दुसरा तडाखा होता. महिनोन्‌महिने बोलणी चालली आणि १९३४ मध्ये करार झाला. जपानने वर्षाला किमान दहा लाख गाठी कापूस घ्यायचा, त्याबदल्यात साडेबत्तीस कोटी वार जपानी कापड हिंदुस्थानात येऊ द्यायचं. एकीकडे गाठी मोजून पुढे केल्या जात होत्या, दुसरीकडे वार मोजून आत घेतले जात होते. आणि याच १९३३ मध्ये सर दोराबजींचा संग्रह संग्रहालयात दाखल झाला.

माझी एक सूचना आहे. चिनी-जपानी दालनाच्या दाराशी एक नकाशा लावावा. त्यावर कँटन, जिंगदेझन, खोतान, क्योतो, ओसाका, कोबे असावेत, लंडन-पॅरिस असावेत, आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत खामगाव, अमरावती, कारंजा. नकाशाखाली जेडच्या वाडग्यासारख्याच काळजीने, काचेआड, दाबून बांधलेली ऊमरा कापसाची एक गाठ ठेवावी. संग्रहालयाची बस गावोगावच्या शाळांत जाते. ती मानोरा तालुक्यात येईल तेव्हा तपकिरीच्या बाटलीचं चित्र आणि रुईचा पेळू मुलांपुढे एकत्र मांडावा. रुईची ओळख तिथल्या मुलांना करून द्यावी लागणार नाही, सुरुवात तिथूनच करता येईल.